ॲप्रनमधली ओटी

माझ्या नवऱ्याला आई एकच. मला मात्र सासवा दोन होत्या. एक सकाळची, एक दुपारची. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एकच चष्मा लावायच्या, एकाच देहात नांदायच्या आणि एकमेकींना ओळखायच्या नाहीत. सकाळची मला जीव लावायची. दुपारची मला उभी सोलून काढायची. आता यातली खरी कोण, ते मला विचारू नका. मी वार्धक्यशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे, दुसरं वर्ष चालू आहे, परीक्षेत मार्कही बरे पडतात, आणि तरी मला सांगता येत नाही.

आधी माणसं सांगते, म्हणजे निदान तुमच्या डोक्याची तरी भेळ होणार नाही.

मी तेजश्री बाबर, राहणार कऱ्हाड. बरीच वर्षं नर्सिंग केलं आणि चाळिशीत पुन्हा बाकावर जाऊन बसले. आमच्या अभ्यासक्रमाला हल्ली प्रवेश मिळणं मुश्कील झालंय. का नाही होणार? गावात फिरून बघा. दर दोन घरांआड एक घर असं, की आत दोन म्हातारी माणसं, तीन कुलूपबंद खोल्या आणि भिंतीवरच्या पडद्यात कॅनडातली नातवंडं. या माणसांचं करायचं कोणी, हे शिकवणारं एक शास्त्र लागणारच. माझा प्रबंध न्हाणीघरात पडण्यावर आहे. पाय घसरला की खालची फरशी क्षणात मऊ होते, तशा फरश्या आता मिळतात. त्या कोणाला वाचवतात आणि कोणाला उलट घाबरवतात, हा माझा विषय. लोक हसतात. हसू देत. खुब्याचं हाड मोडल्यावर पुढं काय होतं, हे ज्यानं पाहिलंय तो हसत नाही.

नवरा धैर्यशील, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनियर. आणि सासूबाई शालन बाबर, एसटीतल्या रिटायर्ड कंडक्टर. त्यांच्या वेळी बाई कंडक्टर म्हटलं की पॅसेंजर वळून बघायचे, आणि बघितल्याबद्दल बोलणीही खायचे.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्यातच सगळी ग्यानबाची मेख होती. शालन आत्यांना सून म्हणून हवी होती त्यांच्या भावाची मुलगी. ती त्यांना जन्मापासून आत्या म्हणत होती. मधेच धैर्यशीलनं मला आणलं. सोळा वर्षं मी "आत्या" म्हणून हाक मारली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. ती हाक दुसरीची होती ना! भांडण असं कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. नुसतं टोचत राहायच्या. भाकरी जाड झाली, मीठ कमी पडलं, केस मोकळे का. मी पण काही गरीब गाय नव्हते म्हणा.

मग त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग सासरे गेलेत हे. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, पण आत्यांच्या धुक्यात ते कायम ड्युटीवर असायचे. पुढं धैर्यशीललाच विसरल्या. पोटचा पोरगा समोर आला की पदर सावरून कोपऱ्यात सरकायच्या, परका पुरुष घरात शिरल्यासारख्या. आणि मी? मी त्यांची धाकटी बहीण इंदू झाले.

इंदू मावशी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारलेली. मी फोटोसुद्धा धड पाहिला नव्हता. पण एका सकाळी आत्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "इंदे, काय गं ह्या झिंज्या? बस हितं." आणि तेलाची वाटी घेऊन माझी वेणी घातली. हळूहळू, बोटांनी गुंता सोडवत, मधेच टाळूवर थापटत. माझी आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून माझ्या डोक्याला असं कोणी हात लावला नव्हता. खरं सांगते, मला लाज वाटली. चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम केस विस्कटून त्यांच्यासमोर गेले.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि मग उजाळा आला.

औषधाचं खरं नाव जीभ वळेल असं नाही. आमच्या वॉर्डातल्या नर्सेसनी त्याला उजाळा म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. वर्गात ते आम्हाला मुजावर मॅडमनी समजावलं. मॅडम आमच्या विभागप्रमुख; बुटक्या, बारीक, आणि शिकवताना खडूऐवजी हातातला चहाचा कप हलवणाऱ्या.

"विसरणं म्हणजे पुसलं जाणं, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो," त्या म्हणाल्या. "पण बऱ्याच जणांच्या बाबतीत आठवण जागेवर असते. मेंदूच्या पेशी एकमेकींना हाका मारतात आणि त्या हाकांच्या साखळीतून आठवण उभी राहते. या आजारात जोडण्या थकतात. हाक जाते, पलीकडं पोचत नाही. उजाळा त्या थकलेल्या जोडण्यांना पाच-सहा तास बळ देतो. हाक पोचते. माणूस परत येतो."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग औषध उतरतं. बळ त्यानं बाहेरून आणलेलं नसतंच, पेशींच्याच साठ्यातलं काढलेलं असतं. त्यामुळे नंतर डोकं ठणकतं, भीती वाटते, आणि पुढचं धुकं थोडं अधिक दाट होतं. आयुष्यही थोडं कमी होत असावं, असं आता दिसायला लागलंय."

माझी आई गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करायची. ज्योत पुन्हा मोठी व्हायची, स्वयंपाक व्हायचा, पण सिलिंडर काही भरायचा नाही. मला तेच आठवलं.

"संमती कोण देतं, मॅडम?"

"पहिल्या सुईला घरचे, पुढं पेशंटच. पण उजाळ्यात असताना. धुक्यात त्याला कळत नाही, म्हणून ती धरत नाहीत."

"आणि धुक्यात तो नको म्हणाला तर? तो नकार म्हणायचा की आजाराचं लक्षण?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "गेल्या परिषदेत यावरनं आम्ही हमरीतुमरीवर आलो होतो. मला ठाऊक नाही, तेजश्री. तुला कळलं तर मलाही सांग."

घ्या! विभागप्रमुखांची ही कथा, तिथं माझी काय पत्रास?

घरी मी हे सगळं धैर्यशीलला सांगितलं, अगदी सिलिंडरसकट. त्यानं एवढंच ऐकलं की आई पाच-सहा तास परत येते.

पहिली सुई दिली त्या दिवशी तासाभरात आत्यांचा चेहरा बदलला. नाकडोळे तेच, पण मागून कोणीतरी पुढं येऊन उभं राहिलं. त्यांनी खोलीभर पाहिलं, धैर्यशीलकडं पाहिलं, म्हणाल्या, "किती वाळलास रं धैर्या." तो पन्नाशीकडं झुकलेला माणूस त्यांच्या मांडीत डोकं घालून हमसून रडला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं. मीही रडत होते.

"केस बांध आधी," त्या म्हणाल्या. "मोकळ्या केसांनी सैपाकघरात वावरतीस व्हय?"

मी केस बांधले आणि गॅलरीत जाऊन उरलेलं रडले. कशासाठी, ते तेव्हाही कळलं नाही.

त्याच दुपारी आत्यांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि घराला एक चाकोरी लागली. सकाळी नऊला सुई. त्यानंतर दुपारभर आत्या आमच्यात. पेपर वाचायच्या, नव्या बिनकंडक्टरच्या गाड्यांना शिव्या घालायच्या, जुन्या डेपोतल्या मैत्रिणींशी पडद्यावर तासन्‌तास बोलायच्या, धैर्यशीलला त्याच्या बापाच्या गोष्टी सांगायच्या. तो अर्धी रजा टाकून घरी थांबायला लागला. सोळा वर्षांत मी त्याला इतका हसताना पाहिलं नव्हतं. आणि मला? भाकरी जाड, मीठ कमी.

ऊन उतरलं की त्यांचं कपाळ दुखायला लागायचं. मग घाम, मग भीती. मी कुठं आहे, दार कुणी लावलं, मला घरी सोडा. ते सोसायची ती दुपारची नाही, सकाळची. तिला बिचारीला ठाऊकच नसायचं की हे कशाचं फळ आहे.

सकाळी तर नको व्हायचं. धैर्यशील मनगटं धरायचा, मी पोटावर सुई द्यायची. "इंदे, ह्यो कोण बाप्या हाय गं? सांग की त्याला, सोड म्हणावं," असं त्या मला म्हणायच्या. मला. जिच्या हातात सुई होती तिला. दुपारी त्यांना यातलं काही आठवायचं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. सांगू नकोस, असं धैर्यशीलनं मला कधी म्हटलं नाही. तसं म्हणायची गरजच पडली नाही.

मी स्वतःशी भांडायचे. हे जबरदस्तीनं करणं चूक आहे, असं माझं शास्त्र सांगत होतं. पण हे शास्त्र सांगतंय की तेलाची वाटी? मला जीव लावणारी सासू हवी, म्हणून मला ही सुई खटकते का? एका बाईला तिच्या पोटच्या पोरापासून तोडून मी माझ्या वेणीची सोय बघतेय का? डोक्याचा नुसता भुगा व्हायचा. कुठूनही विचार सुरू केला तरी शेवटी मीच लबाड ठरायचे.

त्यात तो ओटीचा दिवस आला.

माझी प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. मी बॅग भरून, पांढरा ॲप्रन अंगात चढवूनच आत्यांच्या खोलीत गेले, म्हणजे सुई दिली की तसंच निघता येईल. त्यांनी बॅगेकडं पाहिलं आणि चेहरा एवढासा झाला.

"निघालीस व्हय, इंदे? सांगितलं पण न्हाईस."

धुक्यातल्या माणसाशी वाद घालायचा नाही, त्याच्या जगात त्याच्याबरोबर चालायचं, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी म्हटलं, "हो अक्का, निघते."

"थांब. अशी जाऊ नगंस."

एरवी त्यांना न्हाणीघर सापडत नाही. पण त्या दिवशी त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, डब्यातून तांदूळ काढले, देवापुढचा नारळ घेतला, कपाटातून घडी न मोडलेला खण काढला. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. सासरे त्यांच्या लेखी ड्युटीवर होते, तेव्हा ओटी भरायला त्यांना कसली आडकाठी नव्हती.

"पदर पसर."

माझ्या अंगात कुर्ता, वर ॲप्रन. पदर कुठला आणायचा? मी ॲप्रनचीच दोन टोकं धरून पुढं केली. त्यांनी मूठमूठ तांदूळ त्यात घातले, नारळ, खण ठेवला. आणि मग हातातल्या सोन्याच्या पाटल्या एकेक करून ओढून काढल्या आणि ओटीत टाकल्या.

"अगं अक्का, हे नको!"

"गप गं. मागल्या बारीला तशीच गेलीस तू. जिवाला लागून राहिलंय माझ्या."

मी मनात म्हटलं, नंतर गुपचूप कपाटात ठेवू. तेवढ्यात धैर्यशील आत आला, घड्याळाकडं बोट दाखवलं आणि त्यांची मनगटं धरली. जिनं आत्ता माझी ओटी भरली होती, तिच्या पोटात मी सुई खुपसली. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. नुसतं माझ्याकडं बघत राहिल्या. मी पाटल्या ॲप्रनच्या खिशात कोंबल्या आणि पळाले.

परीक्षेत काय दिवे लावले, ते विचारू नका. न्हाणीघरात पडण्याची कारणं सांगताना मला स्वतःच्याच विषयातली तीन आठवेनात. बाहेरच्या परीक्षकांशेजारी मुजावर मॅडम बसल्या होत्या. त्यांनी कपाळाच्या कुंकवाकडं आणि खिशात वाजणाऱ्या पाटल्यांकडं पाहिलं आणि बाकीचे प्रश्न सोडून दिले.

दुपारी घरी आले तर सगळी कपाटं उघडी. धैर्यशील पलंगाखालून बाहेर येत होता. आत्या खुर्चीत ताठ बसलेल्या, मोकळे हात मांडीवर.

"माज्या पाटल्या कुटं हायत?" त्यांनी मलाच विचारलं. कोणाला विचारायचं, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मी खिशातून काढून टेबलावर ठेवल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. बॅग, तांदूळ, नारळ, ॲप्रन. सांगताना आपण किती खोटारडे वाटतोय, हे मला कळत होतं. सुनेला डोळ्यांसमोर उभी न करणारी सासू तिची ओटी भरील आणि वर सोनं घालील, हे कोणाला पटणार?

धैर्यशील म्हणाला, "बरं झालं सापडल्या. आई, घाल हातात. तुला ते कळत नव्हतं."

"ओटीतलं परत घेत्यात व्हय रं?"

"पण ती ओटी तू भरलीच नाहीस! आजारात झालं ते."

"मग कुणी भरली?"

आत्या माझ्याकडं वळल्या. "काय म्हनाली ती? पाटल्या घालताना?"

ती. पहिल्यांदाच त्यांनी सकाळच्या बाईचं नाव काढलं. मी म्हटलं, "मागल्या बारीला तशीच गेलीस, म्हणाल्या."

आत्या खिडकीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "चिपळूण गाडी हुती माजी. स्टँडवर आले तर इंदू उभी. माहेरपणाला आलेली, परत निघाली हुती. मला म्हनाली, अक्का, घरी चल, ओटी भर, मग जाते. गाडी भरल्याली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी दारातनंच वरडले, पुढच्या खेपेला भरते गं. आन् डबल बेल दिली." त्यांनी नाक पुसलं. "पुढची खेप कुटली? त्याच साली बाळंतपणात गेली. हे मी कुनाला सांगितलेलं न्हाई. धैर्याच्या बापाला पण न्हाई."

धैर्यशील खाली बसला.

"शुद्धीवर असताना मला जे जमलं न्हाई, ते तिनं केलं," आत्या म्हणाल्या. आणि मग एकदम कंडक्टरच्या आवाजात, "हे बघ धैर्या. कोल्हापूर-मुंबई गाडी कऱ्हाडात आली की ड्युटी बदलायची. आधीचा कंडक्टर उतरला, मी चढले. आत बसलेल्यांची तिकिटं त्यानं फाडलेली. मी काय म्हनू, ही मी फाडली न्हाईत, उतरा खाली? त्यानं फाडलेलं मला चालवायलाच लागतं. मानूस बदलला तरी गाडी एकच. पाटल्या हिच्या. कपाटात ठीव गं त्या, तुज्या."

मी पाटल्या उचलून कपाटात ठेवल्या.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "आनखी काय काय म्हनती ती?"

धैर्यशीलनं माझ्याकडं पाहिलं. देवाशप्पथ, त्याचे ते डोळे मी विसरणार नाही. नको सांगूस, असं ते ओरडून सांगत होते. मी बोलले तर सुई बंद होणार, त्याची आई जाणार, आणि मला माझी तेल लावणारी बाई राहणार. मी गप्प बसले तर रोज सकाळी ती मनगटं. मी कशासाठी तोंड उघडतेय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण उघडलं.

"त्या सुई नको म्हणतात."

"म्हनती म्हंजे?"

"रडतात. हात आवळून घेतात. आम्ही धरतो."

"कोन धरतं?"

"मी," धैर्यशील म्हणाला.

आत्यांनी स्वतःची मनगटं वळवून पाहिली. पाटल्या नव्हत्या म्हणून तिथले निळे डाग आज उघडे पडले होते. एरवी कधी एखादा दिसलाच, तर कपाट लागलं असेल, असं आम्ही त्यांना सांगत आलो होतो.

"उद्या तिला इचारायचं," त्या म्हणाल्या. "धरायचं न्हाई. न्हाई म्हनाली तर न्हाई."

"आई, तिला कळत नाही! ती मला ओळखतसुद्धा नाही!"

"मी वळखते न्हवं? मग हितं बस माज्याजवळ. तिकडं लांब काय करतोस?"

तो जवळ बसला. त्यांनी त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि माझ्याशी बोलत राहिल्या. "तिला बोलाय सुचत नसंल तर घंटी इचार. एक घंटी थांब, दोन घंटी चल. सगळं जाईल, पर ते जायाचं न्हाई. हाताला बसलंय ते."

धैर्यशील चहा टाकायला उठला तशी त्या म्हणाल्या, "ती तुजे केस इंचरती म्हनं. धैर्याच बोलला मगाशी."

मी मान हलवली. कानापर्यंत तापले मी.

"आन वाटी. बस."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी तेल थापलं आणि असा काही हिसडा मारला की डोळ्यांत पाणी आलं. "आई गं!"

"हलू नगंस." पेड ओढत त्या म्हणाल्या, "माया-बिया मला न्हाई जमत बघ. सोळा वर्सं न्हाई जमली, आता आज कुटनं आनू? तू वाईट न्हाईस. पर मनाला न्हाई आलीस, ते न्हाईच आलीस. येनी तेवढी घट्ट घालते मी. दिवसभर सुटायची न्हाई."

मी रडत होते. केस ओढले म्हणून, असं त्यांना सांगितलं. त्यांनी ते चालवून घेतलं.

ऊन उतरलं, त्यांनी कपाळ धरलं आणि धैर्यशीलचा हात हातात घेऊन पडून राहिल्या. थोड्या वेळानं तो हात त्यांनी दचकून झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील मला खोलीच्या दारातच भेटला. रात्रभर झोपला नव्हता.

"तुझं ऐकते ती. इंदू म्हणून सांग, घे अक्का, माझ्यासाठी घे. लगेच घेईल."

घेतली असती त्यांनी. तेच तर! आणि मी नुसती सुई उचलून तोंड वाकडं केलं असतं, तर नको म्हणाल्या असत्या. प्रश्न कसा विचारला की हवं ते उत्तर मिळतं, हे नर्सला कोणी शिकवावं लागत नाही. इंदू होऊन विचारलं, तर उत्तर इंदूला मिळणार होतं.

मी आत गेले. "इंदे, आलीस?" त्यांचा चेहरा उजळला.

"आत्या," मी म्हटलं, "मी इंदू नाही. मी तेजश्री. धैर्यशीलची बायको. तुमची सून."

त्या बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं ते हसू हळूहळू ओसरलं. सगळं शास्त्र बाजूला ठेवून ओरडावंसं वाटलं, की नाही, थट्टा केली, मीच इंदू.

"इंदू कुटं हाय मग?"

"गेली सासरी. ओटी घेऊन गेली."

"नारळ दिला न्हवं?"

"दिला."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

मी सुई त्यांच्यासमोर धरली. "आत्या, ही घेतली की दुपारभर सगळं आठवतं. मुलगा ओळखू येतो. संध्याकाळी मात्र डोकं दुखतं, भीती वाटते. घ्यायची का? कोणी धरणार नाही. एक घंटी थांब, दोन घंटी चल."

काही कळल्याचं दिसलं नाही. त्यांनी सुईकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. मग शेजारच्या तेलाच्या वाटीतला चमचा उचलला आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर मारला.

टण.

चमचा हातात तसाच वर होता. दारात धैर्यशील त्या चमच्याकडं बघत होता. वाजव, असं मी मनात म्हणत होते, आणि त्याच वेळी नको वाजवूस, असंही म्हणत होते. दोन्ही अगदी मनापासून.

त्यांनी चमचा वाटीत ठेवून दिला.

मी सुईला टोपण लावलं. धैर्यशील तिथंच उंबऱ्यावर बसला. आत्यांनी त्याच्याकडं पाहून पदर सावरला, पण मागं सरकल्या नाहीत. आज त्यांची मनगटं कोणी धरली नव्हती.

"ह्यो पाव्हना कोन? च्या दे त्याला," त्या मला म्हणाल्या. आणि त्याला, "कुटनं आलासा?"

"इथलाच आहे," तो म्हणाला. मी चहा आणून दिला. तो त्यानं पाहुण्यासारखा, कपबशी दोन्ही हातांत धरून प्यायला, आणि त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

मग माझ्याकडं वळल्या. "आन् तू गं? सून म्हनालीस न्हवं?"

"हो आत्या."

आठी पडायची मी वाट बघितली. त्यांनी नुसती वाटी जवळ ओढली.

"बस हितं. तिकडं त्वांड कर."

मी बसले. तेलाचा हात टाळूवर आला, सकाळचाच, हळू, थापटणारा. मी डोळे मिटले. आणि पेड घ्यायची वेळ आली तसा त्यांनी असा हिसडा मारला की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"आई गं!"

"हलू नगंस."

मला वळून बघायचं होतं. विचारायचं होतं, आत्या, तुम्ही कोण? सुई तर दिलेली नाही. पण त्या हलू नकोस म्हणाल्या होत्या, आणि धैर्यशील चहाचा कप धरून उंबऱ्यावरून आम्हा दोघींकडं बघत होता. मी हलले नाही. मुजावर मॅडमना काय सांगणार, ते मला अजून ठाऊक नाही.

संध्याकाळपर्यंत वेणी सुटली नाही.